पॅन-मास चॅलेंज : छत्तीस सायकलींपासूनची वाटचाल

अमेरिकेच्या ईशान्येला असलेल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी सहा हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर उतरतात. कुणी स्टरब्रिजहून निघते, कुणी वेलस्लीहून. बहुतेकांचा रोख पूर्वेकडे, समुद्राकडे असतो. या फेरीचे नाव पॅन-मास चॅलेंज, म्हणजे राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे आव्हान. बोलताना सगळे ‘पीएमसी’ म्हणतात. उद्देश पहिल्या वर्षापासून एकच आहे : बोस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी निधी जमवणे. १९८० साली ३६ जणांनी मिळून १०,२०० डॉलर जमवले होते. २०२४ साली एका वर्षाचा निधी ७.५ कोटी डॉलर झाला आणि स्थापनेपासूनची एकूण रक्कम १०० कोटींच्या पुढे गेली.

सायकल चालवून देणग्या गोळा करणाऱ्या संस्था जगात पुष्कळ निघाल्या. कित्येक चार-दोन वर्षांत थंडावल्या, काही चांगल्या नावारूपाला येऊन खर्चाच्या वादात मोडल्या. पीएमसी चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली आणि वाढतच गेली. तिच्या टिकण्याचे कारण रस्त्यापेक्षा तिच्या जमाखर्चात अधिक सापडते. म्हणून तिची वाटचाल सांगताना चढ-उतारांइतकीच जागा हिशोबालाही द्यावी लागते.

आधीची पुण्याई

ज्या रुग्णालयासाठी ही फेरी निघते त्याची कथा तिच्याही आधी तीन दशके सुरू होते. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. रक्ताचा कर्करोग झालेले मूल त्या काळी काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावत असे. फॉलिक आम्ल रोखणारे द्रव्य दिले तर या पेशींची वाढ थांबेल, असा फार्बर यांचा तर्क होता. १९४७ च्या अखेरीस त्यांनी अमिनोप्टेरिन हे औषध वापरून पाहिले. १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला, असे त्यांनी जून १९४८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. आराम तात्पुरता होता, पण औषधाने हा रोग हलतो हे प्रथमच दिसले.

हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिथल्या संशोधनाची सूत्रे एका भारतीयाकडे होती. आंध्रातील भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव १९२० च्या दशकात बोस्टनला शिकायला आले. पोटासाठी त्यांनी रुग्णालयात हलकी कामेही केली. हार्वर्डमध्ये मोलाचे संशोधन करूनही कायमची जागा मिळाली नाही, तेव्हा ते न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ली कंपनीत गेले. फार्बर यांच्या हाती आलेले अमिनोप्टेरिन तिथेच तयार झाले. सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये वारले. त्यांनी घडवलेल्या औषधांच्या मानाने त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

औषधाची दिशा सापडली, पण संशोधनाला पैसा नव्हता. तो लोकांकडून आला, आणि तोही रेडिओच्या एका कार्यक्रमामुळे. २२ मे १९४८ च्या रात्री राल्फ एडवर्ड्स आपला ‘ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ हा कार्यक्रम हॉलीवूडच्या स्टुडिओतून सादर करत होते. बोस्टनला फार्बर यांच्या वॉर्डात बारा वर्षांचा एक मुलगा खाटेवर होता. त्याचे खरे नाव जाहीर होऊ नये म्हणून त्याला ‘जिमी’ म्हटले गेले. एडवर्ड्स त्याला बोस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघातले आवडते खेळाडू विचारत गेले. मुलगा नाव घेई आणि तोच खेळाडू दारातून आत येई. बघता बघता खोली खेळाडूंनी भरली. जिमीला सामने पाहायला टीव्ही संच हवा आहे, त्यासाठी संशोधन निधीला २० हजार डॉलर पाठवा, असे आवाहन झाले. लोकांनी पाठवले २,३१,४८५ डॉलर. जिमीला टीव्ही मिळाला आणि कर्करोग संशोधनासाठी सामान्य माणसांकडून पैसा उभा करणाऱ्या ‘जिमी फंडा’ला नाव मिळाले.

हा मुलगा वाचला नसेल, असेच पुढे कित्येक वर्षे बहुतेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात आयनार गुस्तावसन हा मेन राज्यातील शेतकरी कुटुंबातला मुलगा बरा झाला, मोठा होऊन ट्रक चालवू लागला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस, पन्नासाव्या वर्षपूर्तीच्या सुमारास, पुन्हा लोकांसमोर आला. २००१ साली तो वारला. ब्रेव्ह्ज संघ १९५३ मध्ये बोस्टन सोडून मिल्वॉकीला गेला, तेव्हा जिमी फंडाची जबाबदारी शहरातल्या दुसऱ्या संघाने, रेड सॉक्सने, उचलली. फार्बर १९७३ साली गेले. त्यांच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले आणि १९८३ मध्ये डेना प्रतिष्ठानच्या मदतीची जाण ठेवून ती ‘डेना-फार्बर’ झाली. पीएमसीला रुग्णालयाबरोबर हा वारसाही मिळाला. एखादा धनाढ्य दाता गाठण्याऐवजी हजारो लोकांकडून थोडे थोडे मागायचे, ही रीत तिच्या जन्माआधीच इथे रुजलेली होती.

स्थापना

पीएमसीचे संस्थापक बिली स्टार. १९७४ साली त्यांच्या आईचे मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने निधन झाले. तिचे वय अवघे ४९ होते. पुढच्या काही वर्षांत त्यांचे एक काका आणि नात्यातला एक भाऊही कर्करोगानेच गेले. स्टार तेव्हा तरुण होते आणि शरीराला दमवणाऱ्या खेळांची त्यांना ओढ होती. ते एकदा बोस्टनहून प्रोव्हिन्सटाउनपर्यंत सायकलने गेले आणि येताना बोटीने परतले. एका दिवसात आपले आपण इतके लांब जाता येते, तर चार लोक बरोबर घेऊन आणि त्यामागे काही कारण ठेवून का जाऊ नये, असा विचार त्यातून पुढे आला.

१९८० साली ३६ जणांचा गट राज्याच्या पश्चिमेकडील स्प्रिंगफील्डहून निघाला. केप कॉड द्वीपकल्पाच्या टोकाला असलेले प्रोव्हिन्सटाउन गाठायचे होते. अंतर सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर आणि मुदत दोन दिवसांची. सायकली आजच्यासारख्या हलक्या नव्हत्या, रस्ता दाखवायला फोन नव्हते, सरावाचा आराखडा देणारे कुणी प्रशिक्षक नव्हते. ओळखीपाळखीची माणसे जमली आणि निघाली. शेवटी जमलेले १०,२०० डॉलर जिमी फंडाला देण्यात आले. माणशी हिशोब केला तर ही रक्कम २८० डॉलरच्या वर जाते. त्या काळात ती लहान नव्हती.

आज मागे वळून पाहिले तर त्या पहिल्या वर्षातच संस्थेच्या तीन सवयी ठरून गेल्या होत्या असे दिसते. मदत एकाच रुग्णालयाला जाणार, दरवर्षी लाभार्थी बदलणार नाही. फेरी होईल, शर्यत होणार नाही. आणि सायकल चालवणारा प्रत्येक जण पैसेही मागेल. कुणी पेडल मारायचे आणि कुणी दारोदार फिरायचे, अशी वाटणी झाली नाही.

दोन दिवस रस्त्यावर

आता मार्ग एक राहिलेला नाही. चाळीस किलोमीटरपासून तीनशेहून अधिक किलोमीटरपर्यंतचे पर्याय आहेत. एका दिवसाच्या फेऱ्या आहेत, दोन दिवसांच्याही आहेत. तरी स्टरब्रिज ते प्रोव्हिन्सटाउन हा मार्ग अजून मानाचा समजला जातो. शनिवारी पावणेदोनशे किलोमीटर, रविवारी सव्वाशे, असे त्याचे साधारण माप.

स्टरब्रिजहून पहाटे निघताना पहिले तास चढउतारांचे असतात. घाट म्हणावा असा सलग चढ नाही, पण एक टेकडी संपते तोच दुसरी पुढे उभी राहते. नव्या सायकलस्वाराचा इथे अंदाज चुकतो. ताज्या पायांनी तो सुसाट जातो आणि दुपारच्या उन्हात, शेवटच्या चाळीस किलोमीटरमध्ये, त्याचे पाय बोलू लागतात. अनुभवी मंडळी सकाळी हात राखून चालवतात, प्रत्येक थांब्याला पाणी भरून घेतात आणि भूक लागायच्या आधी खातात. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमधले हे जुने शहाणपण इथेही उपयोगी पडते.

थांबे चालवणारे स्वयंसेवक तीन हजारांच्या आसपास असतात. केळी सोलून ठेवणे, बर्फाची पोती फोडणे, बाटल्या भरणे, सुटलेली चेन बसवणे, पंक्चर काढणे, चौकात उभे राहून गाड्या थोपवणे, सामानाच्या पिशव्या क्रमांकानुसार लावणे, अशी ही कामे. त्यांतल्या कित्येकांनी स्वतः कधी ही फेरी केलेली नाही, पण दरवर्षी तोच थांबा तेच कुटुंब सांभाळते, अशीही उदाहरणे आहेत. वाटेतल्या गावांतले लोक घरासमोर खुर्च्या टाकून बसतात. रुग्णालयात उपचार घेणाऱ्या मुलांना सायकलस्वारांच्या एकेका गटाशी जोडून देण्याची पद्धत आहे. त्यांना ‘पेडल पार्टनर’ म्हणतात. त्या मुलांचे फोटो वाटेत लावलेले असतात, आणि ज्या गटाचा पेडल पार्टनर स्वतः थांब्यावर आलेला असतो तो गट तिथून लवकर हलत नाही.

शनिवारचा मुक्काम बोर्न इथल्या मॅसॅच्युसेट्स मेरीटाइम अकॅडमीत असतो. व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी ही १८९१ साली स्थापन झालेली संस्था. वसतिगृहाच्या खोल्या, मैदानावरचे तंबू आणि धक्क्याला लागलेले प्रशिक्षण-जहाज, जिथे जागा मिळेल तिथे लोक झोपतात. संध्याकाळी मसाजच्या रांगा लागतात, जेवणाचे मांडव भरतात. याच संध्याकाळी फेरीत भाग घेतलेले आणि स्वतः कर्करोगातून गेलेले किंवा उपचार चालू असलेले सायकलस्वार आणि स्वयंसेवक एकत्र जमतात. त्यांच्या गटाला ‘लिव्हिंग प्रूफ’ म्हणतात. आता त्यांची संख्या शेकड्यांत आहे. पाच-दहा वर्षांपूर्वी देणगी मागणाऱ्यांच्या रांगेत असलेले लोक पुढे या गटात आले आणि या गटातले पुन्हा रस्त्यावर उतरले, असे चक्र वर्षानुवर्षे चालू आहे.

रविवारी उजाडायच्या आत सायकली निघतात. पहिले काम बोर्नचा पूल ओलांडायचे. केप कॉडचा कालवा जमिनीला आरपार छेदून जातो. त्यावरचा हा पोलादी पूल १९३५ सालचा. पूल चढताना पुढे-मागे लाल दिव्यांची रांग दिसते, खाली भरती-ओहोटीचे पाणी जोरात वाहत असते, आणि काल आखडलेले गुडघे पहिल्याच चढावर कुरकुरू लागतात. उतरल्यावर मार्ग कालव्याच्या कडेने आणि मग आत वळतो. पुढे ब्रूस्टर, वेलफ्लीट, ट्रूरो अशी गावे. ब्रूस्टरमध्ये केप कॉड सी कॅम्प्स नावाचे मुलांचे उन्हाळी शिबिर होते. तिथली मुले रस्त्यालगतच्या कुंपणाच्या झाडोऱ्यापाशी उभी राहून इतका गलका करत, की त्या जागेला ‘द हेज’ हे नावच पडले. ते शिबिर २०२० नंतर बंद झाले, तरी जुने सायकलस्वार त्या वळणाची आठवण अजून काढतात.

ट्रूरोनंतर झाडी विरळ होते आणि वाळूच्या टेकड्या सुरू होतात. इथे वारा मनासारखा लागेलच असे नाही. शेवटच्या टप्प्यात गट उपयोगी पडतो. एकेकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, थकला की मागे यायचे. इतके करून प्रोव्हिन्सटाउनचा दगडी मनोरा दिसू लागतो. १६२० साली मेफ्लॉवर जहाजाने पहिला नांगर याच बंदरात टाकला, त्याची आठवण म्हणून बांधलेला हा मनोरा आहे. शेवटच्या रेषेवर वेळ नोंदवत नाहीत. नऊला पोहोचलेला आणि दुपारी पोहोचलेला दोघांनाही सारखेच. परतीला बऱ्याच जणांसाठी बोस्टनची बोट असते. फेरी सुरू होण्याआधी संस्थापक ज्या रीतीने परतले त्याच रीतीने.

मागण्याचा नियम

तीनशे किलोमीटर सायकल चालवणे कठीण आहे, पण सरावाने जमते. ओळखीच्या माणसाकडे पैसे मागणे कित्येकांना त्याहून कठीण जाते. गणपतीची वर्गणी मागायला चाळीत फिरलेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही. पीएमसीने या अवघड कामाला पहिल्यापासून नियमाची चौकट दिली.

मार्ग जितका लांब आणि मानाचा, तितकी किमान देणगी मोठी. आज लहान मार्गासाठी काही शे डॉलर, तर दोन दिवसांच्या मोठ्या मार्गासाठी काही हजार डॉलर जमवायचे असतात. नाव नोंदवताना सायकलस्वार आपल्या क्रेडिट कार्डाचा तपशील देतो. ठरलेल्या मुदतीपर्यंत किमान रक्कम जमली नाही, तर उरलेली रक्कम त्याच्याच कार्डावरून घेतली जाते. नियम कडक वाटतो, पण त्याचे दोन फायदे झाले. एक, रुग्णालयाला पैसा किती येणार याचा अंदाज आधी बांधता आला. दुसरा, नुसते हौशी म्हणून येणारे गळाले आणि नाव नोंदवणारा प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून कामाला लागला. बहुतेक जण किमान रकमेवर थांबत नाहीत. कितीतरी अधिक जमवणाऱ्यांचा वेगळा सन्मान होतो आणि त्या यादीत वर्षानुवर्षे तीच नावे दिसतात.

मागण्याचीही एक पद्धत तयार झाली. पत्रात स्वतःच्या सायकलिंगचे कौतुक थोडे आणि कोणासाठी चालवतो आहे हे ठळकपणे. फेरी झाल्यावर प्रत्येक दात्याला आभाराचे पत्र, त्यात वाटेतला एखादा प्रसंग. त्यामुळे एकदा पन्नास डॉलर देणारा पुढच्या वर्षी न मागता देतो. संस्थेची बहुतेक वाढ या परत येणाऱ्या लहान दात्यांच्या बळावर झाली.

शंभर टक्क्यांचा प्रश्न

देणगीसाठी चालणाऱ्या प्रत्येक उपक्रमाला एक प्रश्न आज ना उद्या विचारला जातोच : शंभर रुपये दिले तर रुग्णापर्यंत किती पोहोचतात? इतका मोठा उपक्रम चालवायला मांडव, खाणे, वैद्यकीय पथके, रस्त्यावरचा बंदोबस्त, विमा, कार्यालय, कर्मचारी असा खर्च येतोच. तो कुठून तरी द्यावा लागतो.

या प्रश्नावर त्याच देशातला दुसरा एक उपक्रम कसा अडखळला ते पाहण्यासारखे आहे. डॅन पॅलोटा यांनी विद्यार्थिदशेत हार्वर्डच्या सहाध्यायांसह सिॲटलहून बोस्टनपर्यंत सायकलफेरी काढून ऑक्सफॅमसाठी पैसा उभा केला होता. १९९४ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी पहिली ‘कॅलिफोर्निया एड्स राइड’ काढली. ४७८ जण सात दिवस सायकल चालवत गेले. एड्सवर परिणामकारक औषध नव्हते तेव्हाचे ते दिवस. उपक्रमाने झपाट्याने जोर धरला, देशभर अशा फेऱ्या निघाल्या आणि कोट्यवधी डॉलर जमले. पण पॅलोटा यांची संस्था व्यावसायिक कंपनी होती आणि जाहिरात, संयोजन यांवर मोठा खर्च होई. जमलेल्यातला फार मोठा वाटा खर्चात जातो, अशी टीका वाढली. २००२ साली लाभार्थी संस्थांनी स्वतःचीच वेगळी फेरी सुरू केली आणि त्याच वर्षी पॅलोटा यांची कंपनी बंद पडली. खर्च न करता मोठा निधी उभा राहत नाही, ही आपली बाजू त्यांनी पुढे पुस्तकातून आणि २०१३ च्या टेड व्याख्यानातून हिरिरीने मांडली. तिच्यात तथ्य आहे. नुसत्या खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची किंमत करता येत नाही. पण दाता हा मुद्दा व्याख्यान ऐकून ठरवत नाही. तो पावती हातात घेतानाच ठरवतो.

पीएमसीने यावर वेगळी वाट काढली. देणगीचा पैसा आणि खर्चाचा पैसा असे दोन खिसे तिने वेगळे केले. सायकलस्वाराने जमवलेली देणगी जशीच्या तशी रुग्णालयाला जाईल. कार्यक्रमाचा खर्च नोंदणी शुल्क, प्रायोजकांचे पैसे आणि फुकट मिळालेला माल किंवा सेवा यांतून भागेल. २००७ पासून सायकलस्वारांनी जमवलेल्या रकमेतले शंभर टक्के डेना-फार्बरला जातात. खर्च नाहीसा झालेला नाही. तो कुणीतरी वेगळा उचलला आहे. रेड सॉक्स प्रतिष्ठान हे या प्रायोजकांतले मोठे नाव. पाणी, फळे, मांडव, छपाई, वाहने यांतले बरेच काही व्यावसायिक फुकट किंवा नाममात्र दरात देतात. प्रायोजकाला आपले नाव लोकांसमोर हवे असते, दात्याला आपला पैसा रुग्णाकडे जायला हवा असतो. दोघांच्या अपेक्षा एकमेकांत मिसळू दिल्या नाहीत, म्हणून दोघेही समाधानी राहिले.

याचा परिणाम मागणाऱ्यावरही झाला. सायकलस्वाराला दारात उभे राहून लाजत सांगावे लागत नाही की यातले थोडे संयोजनाला जातील. तो निःशंक मागू शकतो. जिमी फंडाला दरवर्षी मिळणाऱ्या रकमेत निम्म्याहून अधिक वाटा आज या एकाच फेरीचा आहे.

ओढाताणीची वर्षे

वाढ सरळ रेषेत झाली नाही. २००८ च्या फेरीने ३.५ कोटी डॉलर दिले. त्यानंतर आर्थिक मंदी आली आणि २००९ साली आकडा तीन कोटींच्या आसपास घसरला. नोकऱ्या गेल्या, देणारे हात आखडले. पण सायकलस्वार टिकले आणि दोन वर्षांत घसरण भरून निघाली. २०१९ पर्यंत वार्षिक निधी ६.३ कोटींवर गेला.

२०२० साली कोविडमुळे सामूहिक फेरी झाली नाही. हजारो माणसे एका आवारात झोपणार, एकाच थांब्यावर खाणार, हे शक्यच नव्हते. संस्थेने सायकलस्वारांना आपापल्या गावात, आपापल्या मार्गाने चालवायला सांगितले. बोर्नचा मुक्काम नाही, प्रोव्हिन्सटाउनची रेषा नाही, गर्दी नाही. तरी त्या वर्षी ५ कोटी डॉलर जमले. फेरीचा सोहळा काढून घेतला तरी देणगी येत राहिली, हे त्या वर्षी उघड झाले. २०२२ साली ६.९ कोटी, २०२३ साली ७.२ कोटी आणि २०२४ साली ७.५ कोटी, असे पुढचे आकडे आहेत.

पैसा गेला कुठे

पीएमसीचा निधी कुठल्या एका प्रकल्पाला बांधलेला नसतो. या मोकळेपणाचे मोल संशोधकांना चांगले कळते. सरकारी अनुदान मिळवायला आधी काही पुरावा हातात असावा लागतो. नव्या कल्पनेजवळ तो नसतो. तरुण संशोधकाच्या पहिल्या प्रयोगांना, अजून कुणाचा विश्वास बसलेला नसताना, लागणारा पैसा असा बिनअटीचाच असावा लागतो.

या काळात डेना-फार्बरमध्ये मोठी कामे झाली. पचनमार्गातील एका दुर्मिळ गाठीवर इमॅटिनिब ही गोळी लागू पडते, हे दाखवणाऱ्या चाचण्यांत या संस्थेचे डॉक्टर पुढे होते. फुप्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर जनुकाचा बदल आणि त्यावर चालणारी औषधे यांचा संबंध २००४ साली बोस्टनमधल्या ज्या गटांनी शोधला, त्यांतला एक इथला होता. पेशी ऑक्सिजनची कमतरता कशी ओळखतात याच्या शोधासाठी २०१९ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले, त्यांतले विल्यम केलिन हे याच संस्थेचे. हे सारे एका सायकलफेरीने घडवले असे कुणी म्हणणार नाही. शोधामागे सरकारी अनुदान असते, औषध कंपन्या असतात, रुग्ण स्वतः असतात. पण जिथे हे घडू शकते असे रुग्णालय उभे ठेवण्यात या फेरीचा वाटा मोठा आहे, आणि तो वर्षागणिक हिशोबात दिसतो.

वाटचालीतून उरणारे

एका माणसाच्या दुःखातून निघालेला उपक्रम त्या माणसापुरता राहण्याचा धोका असतो. बिली स्टार चार दशकांहून अधिक काळ संस्थेचा चेहरा राहिले, तरी पीएमसी त्यांच्या आईच्या स्मरणापुरती राहिली नाही. प्रत्येक सायकलस्वाराने आपापले माणूस त्यात आणले. मुलांसाठी गावोगावी छोट्या फेऱ्या निघतात. तिथे तीनचाकी चालवणारी मुले चिल्लर गोळा करतात आणि त्यांतली काही मोठी होऊन स्टरब्रिजच्या रेषेवर येतात. कार्यालय नीडहॅम गावात आहे आणि पगारी कर्मचारी मोजके आहेत. फेरी रविवारी संपते, पण देणग्या पुढचे काही आठवडे येत राहतात. कार्डावरची वसुली होते, हिशोब मिळतो आणि मग रुग्णालयाला एकरकमी धनादेश दिला जातो. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने वर्ष त्या दिवशी संपते.

आपल्याकडेही आता लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांना चांगले दिवस आले आहेत. पुण्याहून कन्याकुमारी, मुंबईहून गोवा, नाशिकहून पंढरपूर असे गट निघतात आणि त्यांतले काही नेत्रदान, अवयवदान, रुग्णसाहाय्य असा एखादा उद्देशही बरोबर घेतात. अशा गटांनी मार्गाचा नकाशा काढण्याआधी दोन वह्या घ्याव्यात. एका वहीत देणगी, दुसरीत खर्च, आणि एकीचा पैसा दुसरीत जाणार नाही असा नियम पहिल्याच बैठकीत करून घ्यावा. लाभार्थी संस्था एकच ठरवावी आणि तिला दरवर्षी ठरल्या वेळी पैसे पोहोचवावेत. पाय, सायकली आणि हौस आपल्याकडे भरपूर आहे. पीएमसीकडून घ्यायची ती ही शिस्त.